लुआंग्वाच्या खोऱ्यातील पायी सफारी: तयारी आणि प्रत्यक्ष चाल

झांबियाच्या पूर्वेकडील लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात वन्यप्राणी पाहण्यासाठी गाडीतून उतरून चालण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास वन्यजीव संरक्षक नॉर्मन कार यांनी रुजवली. १९७२ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेले आणि सुमारे ९,०५० चौरस किलोमीटर पसरलेले दक्षिण लुआंग्वा आजही पायी सफारीसाठीच ओळखले जाते. गाडीतून जितके प्राणी दिसतात तितके चालताना दिसत नाहीत, हे आधीच मान्य करून निघावे. यादीतल्या प्राण्यांवर खुणा करत जाणाऱ्याला ही सफारी निराश करील. गेंडा तर येथे मुळीच दिसणार नाही, कारण शिकारचोरीमुळे या खोऱ्यातील गेंडे नामशेष झाले आणि २००३ पासून त्यांना पुन्हा आणून सोडले गेले ते उत्तर लुआंग्वा या वेगळ्या राष्ट्रीय उद्यानामध्ये.

पहिला निर्णय महिन्याचा. नोव्हेंबर ते एप्रिल या पावसाच्या काळात येथील काळ्या मातीचे रस्ते चिखलात बुडतात, आणि आतल्या भागातील गवत-बांबूचे छोटे कॅम्प तर पावसाआधी उतरवूनच ठेवतात. जून-जुलैमध्ये हवा सुखद असते, पण पहाटे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते आणि गवत अजून उंच असल्यामुळे दूरचे दिसत नाही. ऑक्टोबरात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा नदी आटत जाऊन वाळूचे पट्टे उघडे पडतात, डबकी सुकतात आणि प्राणी उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. प्रथमच जाणाऱ्याने ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य हा काळ निवडावा, असे माझे मत आहे. गवत तोवर बसलेले असते, उन्हाचा कहर अजून दूर असतो, आणि नदीच्या उभ्या दरडींत बिळे करून राहणारे किरमिजी वेडे राघू (कारमाइन बी-ईटर) थव्यांनी येऊ लागलेले असतात.

दुसरा निर्णय गाइडचा, आणि तो निवासाच्या थाटापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. झांबियात पायी सफारी नेणाऱ्या गाइडला त्यासाठीची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. नोंदणी करताना चालीवर कोणता गाइड नेणार, तो किती हंगाम याच खोऱ्यात आहे आणि एका गटात किती जण असतील, हे स्पष्ट विचारावे. गट सहा-सात जणांहून मोठा असेल तर ती सहल होते, माग काढणे होत नाही. बहुतेक कॅम्प बारा वर्षांखालील मुलांना चालायला नेत नाहीत.

राजधानी लुसाकाहून उद्यानाजवळच्या म्फुवेपर्यंतचा विमानप्रवास तासाभराहून थोडा अधिक आहे; विमान लहान असल्यामुळे सामानाच्या वजनाची मर्यादा कडक असते आणि कडक सुटकेसऐवजी मऊ पिशवी न्यावी लागते. कपडे मातकट, खाकी किंवा फिकट हिरवे असावेत. पांढरा रंग लांबून उठून दिसतो, तर गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से माश्या आकर्षित होतात आणि त्यांचा चावा कापडातूनही जाणवतो. लष्करी ठिपक्यांचे कपडे मात्र अजिबात नेऊ नयेत. झांबियात सामान्य नागरिकांना ते घालण्यास मनाई आहे. विजार पूर्ण लांबीची हवी, कारण झुडपांत खाजकुइली असते आणि तिची ओळख उघड्या पोटरीने करून घेण्यात काही अर्थ नाही. बूट घोट्यापर्यंतचे आणि वापरून सैल झालेले असावेत. ओल्या काळ्या मातीत उमटलेले हत्ती आणि पाणघोड्यांचे पाय उन्हाने दगडासारखे कडक होतात, आणि त्या खड्ड्यांच्या मैदानावरून चालताना घोटा मुरगळण्याचा धोका सिंहापेक्षा खरा असतो.

चाल पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते आणि साधारण तीन-चार तास चालते. सर्वांत पुढे बंदूकधारी वनरक्षक, त्याच्या मागे गाइड, मग पाहुणे आणि शेवटी चहाचे सामान घेतलेला मदतनीस, अशी एकेरी रांग असते. ती मोडू नये आणि मध्ये अंतर पडू देऊ नये. बोलायचे असेल तर आधी रांग थांबवावी. त्यासाठी हलकी टिचकी पुरते. गाइड अधूनमधून राखेची छोटी पुरचुंडी झटकतो, ती वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी. वारा आपल्याकडून प्राण्याकडे वाहत असेल तर कितीही दबक्या पावलांनी जाऊन उपयोग नाही.

माग वाचायला शिकणे हाच या चालीचा खरा मोबदला आहे. हत्तीचा पुढचा पाय गोलसर आणि मागचा लांबट उमटतो. पुढच्या पावलाच्या घेराची दुप्पट म्हणजे साधारण त्याची खांद्यापर्यंतची उंची. सिंहाच्या ठशात नखे दिसत नाहीत, तरसाच्या ठशात दिसतात. तरसाची वाळलेली विष्ठा हाडांतील चुन्यामुळे पांढरी पडते. लीद गरम आहे की थंड, यावरून कळप किती पुढे गेला हे गाइड सांगेल. हात लावून पाहायला सांगितले तर संकोच करू नये.

धोक्याच्या वेळी एकच नियम: पळायचे नाही. पळणारी वस्तू म्हणजे भक्ष्य, हे सिंहाच्या अंगात भिनलेले असते. स्थिर उभ्या माणसापाशी तो बहुधा गुरगुरून, शेपटी आपटून माघार घेतो. हत्ती कान पसरून, डोके हलवत धावून येतो तेव्हा अनेकदा तो इशाराच असतो, पण तो इशारा आहे की खरा हल्ला, हे ठरवण्याचे काम गाइडचे. त्याने ‘मागे’ म्हटले की तोंड प्राण्याकडे ठेवून हळू मागे सरावे. ‘झाडामागे’ म्हटले की झाडामागे. पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये कधीही येऊ नये, आणि कळपाबाहेर एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या रानरेड्याला लांबून वळसा घालावा. अशा क्षणी कॅमेरा गळ्यातच लोंबू द्यावा. डोळा काचेला लागला की गाइडचा हात दिसत नाही.

हिवतापाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच सुरू करावी आणि परतल्यावर ठरलेले दिवस पूर्ण करावी. औषधानुसार हे दिवस सात ते अठ्ठावीस असतात. गोळ्या नीट घेतल्या असल्या तरी परतल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि आपण लुआंग्वाच्या खोऱ्यात राहून आलो आहोत, हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.