पोषकद्रव्यांचं चक्र: समजून घेताना आणि सांभाळताना या चुका टाळा

सतराव्या शतकात फ्लेमिश रसायनज्ञ यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मोंट यांनी एका कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती भरली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला पाण्याखेरीज काहीही दिलं नाही. शेवटी झाड भरलं १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम २ औंस कमी झाली होती. झाड पाण्यातूनच घडलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हा प्रयोग छापून आला. तोलण्यात त्यांनी कसूर ठेवली नव्हती. पण हवेचा हिशोब राहून गेला आणि ते २ औंस किरकोळ ठरले. पोषकद्रव्यं मातीतून झाडांत, प्राण्यांत आणि पुन्हा मातीत फिरतात, त्या चक्राविषयीच्या आजच्याही बहुतेक चुका याच दोन जातींच्या असतात. एक तर एखादी वाट हिशोबातून सुटते, नाहीतर प्रमाण थोडं म्हणजे महत्त्वही थोडं असं वाटतं.

झाडाच्या कोरड्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग कर्ब (कार्बन) असतो आणि तो पानांनी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून मिळवलेला असतो. मातीतून येतं ते नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), गंधक, लोह वगैरे. सगळं मिळून मूठभर, पण त्यातलं एक अडलं तरी वाढ अडते.

बाण काढताना होणारी गफलत

या चक्राची आकृती काढताना अनेकजण सूर्याची ऊर्जा वनस्पती, प्राणी, विघटक असा फेरा घालून पुन्हा वनस्पतीकडे आणतात. ऊर्जा परत येत नाही. दर टप्प्यावर तिचा मोठा वाटा उष्णता होऊन निघून जातो. परत येतात ते अणू. विघटकांकडून वनस्पतीकडे जाणाऱ्या बाणावर अमोनियम, नायट्रेट, फॉस्फेट अशी नावं लिहिली की गोंधळ मिटतो. ज्या बाणावर पदार्थाचं नाव लिहिता येत नाही तो बाण काढायचाच नाही, असं मी मुलांना सांगते.

‘हवेत एवढं नत्र आहे, मग कमतरता कसली?’

हवेत ७८ टक्के नत्र आहे हे पाठ असतं आणि तिथेच घात होतो. हवेतल्या नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. तो बंध तोडणारं नायट्रोजनेज हे विकर (एन्झाइम) फक्त काही सूक्ष्मजीवांकडे असतं. विजेच्या लोळाने थोडं नत्र बांधलं जातं, म्हणजे वनस्पतीला घेता येईल अशा संयुगांत येतं. १९१३ साली जर्मनीतल्या ओप्पाऊ इथे हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणाऱ्या हेबर-बॉश पद्धतीचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून माणूसही हे काम प्रचंड प्रमाणावर करतो. वनस्पतीला मात्र ते स्वतः जमत नाही.

इथूनच पुढची चूक निघते. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू राहतात, म्हणून असं झाड लावलं की माती आपोआप नत्राने भरते, असं गृहीत धरलं जातं. रोपं पिवळी पडली तर खताकडे धाव घेण्याआधी एक रोप हलक्या हाताने मुळासकट काढा आणि मुळांवरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर गाठ कामावर आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा. नायट्रोजनेजला ऑक्सिजन सोसत नाही आणि जिवाणूंना तर श्वासासाठी तो हवाच असतो. ही दुहेरी अडचण लेगहिमोग्लोबिन सांभाळतं, ऑक्सिजन धरून ठेवून बेताबेताने पुरवतं. गाठ आतून पांढरट किंवा हिरवट असेल तर काम सुरू झालेलं नाही किंवा संपलं आहे. गाठीच नसतील तर तीन शक्यता आधी तपासा: त्या झाडाशी जुळणारा रायझोबियम (गाठी करणारा जिवाणू) मातीत नाही, पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही, किंवा मातीत आधीच भरपूर नायट्रेट आहे. शेवटच्या स्थितीत झाड गाठींवर साखर खर्च करत नाही. आयतं मिळत असताना तो महागडा सौदा त्याने का करावा?

शिवाय बांधलेलं नत्र आधी त्या झाडाच्याच अंगी लागतं. शेजारच्या झाडापर्यंत ते मुख्यतः पानं, मुळं आणि गाठी कुजल्यावर पोचतं. दाणे काढून नेले आणि झाडही उपटून बाहेर टाकलं, तर मातीच्या हाती फारसं काही उरत नाही.

सेंद्रिय म्हणून भुसा मातीत मिसळला आणि रोपं पिवळी पडली

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि माझा सगळ्यात जास्त जीव याच भागात अडकला आहे, कारण चक्र कसं चालतं ते इथे डोळ्यांसमोर दिसतं. लाकडाचा ताजा भुसा मी मातीत चांगला खोलवर मिसळला होता. थोड्याच दिवसांत खालची जुनी पानं फिकट होऊन पिवळी पडू लागली.

कारण कर्ब-नत्र गुणोत्तरात आहे. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या अन्नात दर २५ भाग कर्बामागे साधारण १ भाग नत्र लागतं. कर्बाचा बराचसा भाग ते श्वासावाटे सोडून देतात, उरलेल्यातून स्वतःचं शरीर बांधतात. काडाच्या भुशात हे प्रमाण ८० ला १ च्या आसपास असतं, लाकडाच्या भुशात कित्येक शेकड्यांना १. म्हणजे समोर कर्बाचा डोंगर आणि नत्राचा दुष्काळ. मग ते भोवतालच्या मातीतलं अमोनियम आणि नायट्रेट उचलतात, आणि या शर्यतीत मुळं मागे पडतात. नत्र नाहीसं झालेलं नसतं, ते सूक्ष्मजीवांच्या अंगात अडकलेलं असतं. कर्ब संपत आला, ते मरू लागले, एकमेकांना खाऊ लागले, की तेच नत्र पुन्हा मातीत मोकळं होतं.

आधी निदान नीट करा. नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर संशय लोहावर घ्या. तिथे नत्र वाढवून उपयोग नाही. दोष नत्राचाच असेल तर भुसा मातीत न मिसळता वरून आच्छादन म्हणून पसरा, म्हणजे ओढाताण पृष्ठभागापुरती राहते. किंवा आधी हिरव्या पाल्याबरोबर, शेणाबरोबर कुजवून मग वापरा. कुजवताना ढिगाला अमोनियाचा उग्र वास आला तर नत्र जास्त झालं आहे, कोरडा पाला घाला. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कोंडली आहे, ढीग उलथापालथा करा.

स्फुरदाला नत्रासारखं वागवणं

स्फुरदाच्या चक्राला हवेतला साठा जवळजवळ नाहीच. ते खडक झिजून येतं, पाण्याबरोबर वाहतं, तळाशी गाळ होऊन बसतं आणि तिथून वर यायला भूगर्भीय काळ लागतो. वाऱ्यावर येतं ते धुळीच्या रूपाने. सहारातल्या धुळीबरोबर अॅमेझॉनच्या खोऱ्यात वर्षाला सुमारे २२,००० टन स्फुरद पोचतं, असा उपग्रहांच्या नोंदींवरून २०१५ साली मांडलेला अंदाज आहे. एवढं घनदाट जंगल म्हणजे जमीन सुपीक, हा समजही इथेच तपासून घ्यावा. तिथल्या बऱ्याच भागातली माती पार धुऊन निघालेली आहे. पोषकद्रव्यांचा मोठा साठा जिवंत झाडांत आणि पडलेल्या पाल्यात असतो. झाडं तोडून नेली की साठाही गेला.

तळं हिरवं पडलं की दोष कुणाचा, यावर १९७० च्या सुमारास मोठा वाद होता. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने डमरूच्या आकाराच्या एका सरोवराच्या कमरेला पडदा लावून १९७३ साली त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कर्ब आणि नत्र टाकलं, एकात त्यांच्या जोडीला स्फुरद. स्फुरदाचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा तसा झाला नाही. वरून काढलेल्या फोटोत दोन भागांमधली रेघ स्पष्ट दिसते.

म्हणून तळ्यात शेवाळ मारायचं औषध ओतणं ही चूक आहे. मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं, मासे गुदमरतात. ऑक्सिजन गेला की गाळात लोहाने धरून ठेवलेलं स्फुरद सुटून पाण्यात येतं आणि शेवाळाला पुन्हा खाद्य मिळतं. बाहेरून येणारं स्फुरद थांबवल्यावरही काही तळी वर्षानुवर्षं हिरवी राहतात, ती याच जुन्या साठ्यामुळे. उपाय फसला असं ठरवण्याआधी गाळाकडे बघा.

नव्या फिश टँकमधले मासे आठवड्याभरात का मरतात

नायट्रोजन चक्र काचेत बघायचं तर फिश टँक. मासे आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया येतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना जहाल, तिसरं बरंच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात आणि ते सावकाश वाढतात. घडी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी टाकी माशांनी भरली तर अमोनिया साचतो. पाणी काचेसारखं नितळ दिसत असतानाही तो साचतो, म्हणून नजरेवर विसंबू नका, चाचणी किट वापरा. पाण्याचा सामू (pH) आणि तापमान जास्त असेल तर तेवढाच आकडा अधिक घातक ठरतो.

घडी बसलेली टाकीही एका दिवसात मोडता येते. फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली चोळून लख्ख धुतला की स्पंजवरचे ते जिवाणू मोठ्या प्रमाणात मरतात आणि दोन-तीन दिवसांत अमोनिया पुन्हा चढतो. असं झालंच तर खाद्य अगदी कमी करा, क्लोरीन काढलेल्या पाण्याने थोडं थोडं पाणी रोज बदला आणि जमल्यास दुसऱ्या निरोगी, चालू टाकीतल्या स्पंजचा तुकडा फिल्टरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोनदा हलका पिळायचा आणि मळकट दिसत असला तरी तसाच परत बसवायचा.