बोटॉक्स केलं, पण चेहरा ओढल्यासारखा दिसतोय? या चुका टाळा

बोटॉक्स केलेलं कुणाला कळू नये, असं सगळ्यांनाच वाटतं. पण दवाखान्यात शिरल्यावर बरेच जण मागतात ते नेमकं उलटं : ‘डॉक्टर, कपाळावर एकही रेघ नको.’ मुळात हे औषध रेघ पुसत नाही. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा ‘आकस’ हा निरोप ते अडवतं. स्नायू सैल पडतो, म्हणून वरची कातडी दुमडत नाही. तेव्हा किती रेघा जातील यापेक्षा कोणता स्नायू किती चालू ठेवणार, हे विचारा. चेहरा सहज दिसणार की नाही, ते तिथेच ठरतं.

फक्त कपाळ करून घेणं

सर्वांत जास्त फसगत इथे होते. भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा. तिला खाली ओढणारे मात्र चार-पाच : नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मध्ये आणि डोळ्याभोवती. दिवसभर यांची रस्सीखेच चाललेली असते. आडव्या रेघा जाव्यात म्हणून कपाळावरच भरपूर औषध टोचलं की वर ओढणारा एकटा गडी बसतो आणि खालचे जोर लावतच राहतात. भुवया उतरतात, डोळे झोपाळू दिसतात.

चाळिशी-पन्नाशीनंतर धोका वाढतो. वरच्या पापणीची कातडी सैल झालेली असते आणि डोळे नीट उघडे राहावेत म्हणून आपण नकळत कपाळ उचलून धरलेलं असतं. घरी बघायचं असेल तर आरशासमोर डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, भुवयांच्या वर बोटांनी हलकेच दाबून धरा आणि मग डोळे उघडा. पापण्या जड वाटल्या तर तुमचं कपाळ कामावर आहे. ही गोष्ट डॉक्टरांना सुई लावण्याआधी सांगा. अशा कपाळाला अगदी कमी डोस, तोही वरच्या भागात, किंवा सरळ नकार, हेच शहाणपणाचं. नकार देणारा डॉक्टर चांगला, असं माझं मत आहे.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, बोटॉक्सला भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी २००२ मध्ये मान्यता दिली, कपाळासाठी २०१७ मध्ये. कपाळाचा तिथला ठरलेला डोस २० युनिट, पण त्याच वेळी भुवयांमध्येही २० युनिट द्यायचे असं त्यात लिहिलेलं आहे. कारण तेच, वरचा दोर सैल केला तर खालचाही करा.

याच्या उलट प्रकारही होतो. कपाळाचा मधला भाग बंद आणि कडा मोकळ्या राहिल्या की भुवयांची बाहेरची टोकं नाटकातल्या खलनायकासारखी वर चढतात. हे दिसायला भयंकर, पण सुधारायला सोपं. त्या टोकांच्या वर एक-दोन युनिट टोचले की टोक खाली येतं. उतरलेली भुवई मात्र अशी चटकन वर येत नाही. म्हणून पहिल्या वेळी कमीच घ्या. कमी पडलेलं वाढवता येतं, टोचलेलं काढता येत नाही.

युनिटची घासाघीस

‘मैत्रिणीला ५० युनिट दिले, मला २०च?’ दोघींना वेगळ्या कंपनीचं औषध दिलेलं असू शकतं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचे २० युनिट लागतात, तिथे डिस्पोर्टचे ५०. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर तोलता येत नाही. त्यामुळे फक्त ‘युनिटचा भाव’ विचारून दवाखाना निवडणं व्यर्थ. पुरुषांचे हे स्नायू सहसा जाड असतात, त्यांना डोस जास्त लागू शकतो.

कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा. औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत वाचा आणि फोटो काढून ठेवा. यात संकोचण्यासारखं काही नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्समुळे लोक आजारी पडले, काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्यांतल्या अनेकांनी परवाना नसलेल्या माणसाकडून किंवा घरी, स्पामध्ये टोचून घेतलं होतं. आपल्याकडेही पार्लरमध्ये किंवा कुणाच्या दिवाणखान्यात सुई टोचून घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा. (पार्लरमधलं ‘हेअर बोटॉक्स’ हा वेगळाच प्रकार. त्यात बोटुलिनम, म्हणजे बोटॉक्समधलं मूळ औषध, नसतंच.)

लग्नाच्या आठवड्यात जाणं

परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, पूर्ण व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. मध्ये एखादा निळा-काळा डाग पडला तर तो हळदीच्या फोटोत येणार. म्हणून मुहूर्ताच्या किमान महिनाभर आधी जा. आयुष्यातलं पहिलंच बोटॉक्स असेल तर त्याच्याही आधी एक फेरी करून बघा. परिणाम तीन-चार महिने टिकतो, त्या हिशेबाने तारीख धरा.

टोचल्यावर चार तास आडवं होऊ नका, त्या दिवशी व्यायाम, शीर्षासन नको, टोचलेली जागा चोळू नका. या पथ्यांमागचा पुरावा तसा तोकडा आहे, पण पाळायला काही त्रास पडत नाही. एक सवय मात्र नक्की आवरा : बोटॉक्सनंतर काहींचं डोकं दुखतं आणि हात आपोआप बामच्या डबीकडे जातो. कपाळावर बाम चोळण्याऐवजी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. टिकलीही त्या दिवशी दाबून लावू नका. फेशियल आणि चेहऱ्याचं मालिश आठवडाभर पुढे ढकला.

पाचव्या दिवशी ‘अजून थोडं द्या’

दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत कुठलीच दुरुस्ती करू नका. एक भुवई आधी, दुसरी नंतर बसणं नेहमीचंच. चौदाव्या दिवशी त्याच उजेडात फोटो काढा, एक शांत चेहऱ्याचा, एक भुवया उंचावून, एक हसून, आणि टोचण्याआधी काढून ठेवलेल्या फोटोंशेजारी ठेवा. पूर्ण डोस पुन्हा तीन महिन्यांच्या आत घेऊ नका.

चेहरा निवांत असतानाही जी रेघ दिसते, ती बोटॉक्सने फिकी होते, बहुधा जात नाही. तिच्यामागे लागून डोस वाढवला की रेघ तशीच राहते आणि कपाळ तेवढं थिजतं. तिथे लेझर किंवा फिलरचा (कातडीखाली भर घालणाऱ्या इंजेक्शनचा) विचार करावा लागतो. सनस्क्रीन तर रोजच.

पापणी पडली तर

औषध भुवयांच्या भागातून खाली झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं तर एक डोळा अर्धवट मिटल्यासारखा दिसतो. घाबरून मालिश करू नका, गरम शेक देऊ नका. टोचणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. डोळ्यांत घालायच्या अ‍ॅप्राक्लोनिडीनसारख्या थेंबांनी पापणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर येते, तेवढ्यानेही फरक दिसतो. पापणी काही आठवड्यांत आपोआप पूर्ववत होते. हायल्युरॉनिक फिलर जसं इंजेक्शनने विरघळवता येतं, तसा उतारा इथे नाही.

गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला तर मात्र वाट न बघता थेट रुग्णालय गाठा, मग टोचून काही तास झालेले असोत की काही आठवडे. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, किंवा जेंटामायसिन, अ‍ॅमिकॅसिन यांसारखी अँटिबायोटिक्स चालू असतील, तर ते डॉक्टरांना अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी डाग पडू नये म्हणून मनानेच बंद करू नका. ती ज्या डॉक्टरांनी दिली, त्यांनाच विचारा.