किल्ट रोज घालायचा तर या चुका टाळा

नोकरी-शिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये आलेल्या मराठी माणसाची किल्टशी, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घागऱ्याशी, गाठ बहुधा एखाद्या सहकाऱ्याच्या लग्नात पडते. भाड्याच्या दुकानातला माणूस सगळा जामानिमा अंगावर चढवून देतो, फोटो झकास येतात आणि मग वाटतं, स्वतःचा एक घ्यावा, सुट्टीच्या दिवशी घालून बाहेर पडावं. जरूर घ्यावा. एडिंबरा-ग्लासगोत फुटबॉलच्या सामन्याला, पबमध्ये, डोंगरात भटकायलाही किल्ट घालणारे दिसतात, त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. घोटाळा होतो तो मापात आणि लग्नातला थाट रोजच्या कपड्यांवर चढवण्यात.

जीन्सच्या मापाने मागवणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जीन्स कमरेच्या हाडाखाली बसते. किल्ट बसतो बेंबीपाशी, कधी त्याच्याही बोटभर वर. तिथला घेर वेगळा असतो, पोट सुटलेल्या माणसाचा तर दोन-तीन इंच सहज जास्त भरतो. जीन्सवर ३४ लिहिलंय म्हणून ३४चा किल्ट ऑनलाइन मागवला की तो बेंबीपाशी बंद होत नाही, म्हणून माणूस तो खाली ओढून नितंबांवर घालतो. मग पुढचं सगळं बिघडतं. चुण्यांचा वरचा शिवलेला भाग जागा सोडून खाली येतो, मागच्या चुण्या फाकतात आणि काठ गुडघ्याखाली लोंबतो. पावसात भिजलेला लोकरीचा जड काठ पोटऱ्यांवर घासत राहिला की कातडी सोलवटते.

म्हणून टेप बेंबीवर धरा, पोट आत न ओढता. लांबी बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, आणि हे माप दुसऱ्याकडून घ्या, कारण आपण स्वतः बघायला वाकलो की माप बदलतं. किल्ट हातात आल्यावर घालून जमिनीवर गुडघे टेका. काठ जमिनीपासून जेमतेम सुटलेला, फार तर इंचभर वर हवा. जमिनीवर पसरत असेल तर किल्ट लांब आहे किंवा तुम्ही तो खाली घातलाय. आधी वर ओढून बघा, मग परत पाठवायचा विचार करा.

चुण्या पुढे, पट्टे आवळून

धोतराच्या निऱ्या पुढे खोचायची सवय असलेल्या घरात वाढलेल्यांकडून ही चूक हमखास होते. किल्टच्या चुण्या मागे आणि पुढचे दोन्ही पल्ले सपाट. आतला पल्ला उजवीकडून डावीकडे न्यायचा, त्याचा पट्टा डाव्या कमरेवरच्या चिरेतून बाहेर काढून बक्कलमध्ये अडकवायचा. मग वरचा पल्ला डावीकडून उजवीकडे. झालर असलेली कड तुमच्या उजव्या मांडीवर आली म्हणजे बरोबर.

उजवीकडे साधारणपणे दोन पट्टे असतात. किल्ट पेलतात ते कमरेचे पट्टे, ते घट्ट लावा. खालचा, नितंबावरचा पट्टा नुसता ताण घालवण्यापुरता. तो आवळला की पुढचा पल्ला तिरका ओढला जातो आणि मागे चुण्या उघडतात. ‘माझा किल्ट मागून फुगतो’ अशी तक्रार असेल तर आधी हा पट्टा एक भोक सैल करून बघा. रुंद चामडी बेल्ट दिसायला छान, पण किल्ट त्याच्या भरवशावर राहत नाही.

किल्टपिन, म्हणजे शोभेची मोठी टाचणी, फक्त वरच्या पल्ल्याला लावायची, उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ. दोन्ही पल्ले एकत्र टोचले तर पाऊल टाकताना कापड ओढलं जातं आणि चांगली लोकर फाटते. वाऱ्याने पल्ला उडू नये म्हणून बरेच जण असं टोचतात. तसं करू नका.

स्वस्त कापड आणि जड कापड

एडिंबऱ्याच्या रॉयल माइलवर पर्यटकांच्या दुकानांत मिळणारे अ‍ॅक्रिलिकचे किल्ट एखाद्या संध्याकाळपुरते ठीक. त्यांच्या चुण्या टिकत नाहीत, अंगाला घाम येतो. पण म्हणून एकदम ८ यार्डांचा, यार्डाला १६ औंस वजनाच्या लोकरीचा पारंपरिक किल्ट शिवून घ्यायचीही गरज नाही. तो उत्तम पडतो, पण वजनदार आणि महाग. रोजच्यासाठी ५ यार्ड आणि १३ औंसच्या आसपासची लोकर पुरते. खिशांशिवाय चालत नसेल तर सुती कापडाचे, मोठ्या खिशांचे युटिलिटी किल्टही मिळतात.

लग्नाचा थाट बाजारात

प्रिन्स चार्ली हा आखूड समारंभी कोट, केसाळ स्पोरन (पुढे लटकवायची पिशवी), पोटरीभर गुंडाळलेल्या नाड्यांचे बूट हे संध्याकाळच्या समारंभाचे. त्यातलं एखादं साध्या कपड्यांत मिसळलं की अर्धवट नटल्यासारखं दिसतं. टी-शर्ट किंवा लोकरीचा जाड स्वेटर, घोट्यापर्यंतचे मजबूत बूट आणि खाली सरकवलेले जाड मोजे, बस्स. मोजे वर ओढलेच तर त्यांची घडी गुडघ्याखाली दोन-तीन बोटांवर ठेवा.

साधा चामडी स्पोरन मात्र घ्याच, कारण किल्टला बहुधा खिसा नसतो. तो बेल्टच्या चार बोटं खाली हवा. खाली लोंबला तर पावलोपावली मांड्यांवर आदळतो. साखळीऐवजी चामडी पट्टा बरा, साखळीने मागची लोकर घासली जाते. गाडी चालवताना स्पोरन सरकवून कमरेच्या बाजूला घ्या.

मोज्यात खोचायची छोटी सुरी, स्गीन डू, रोजच्या फिरण्यात घरीच ठेवा. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगायला स्कॉटलंडच्या १९९५च्या कायद्यात मुभा आहे, पण टी-शर्ट-बुटांवर खोचलेली सुरी पोलिसाला किंवा पबच्या दारावरच्या माणसाला पोशाखाचा भाग वाटेलच असं नाही. विमानात तर ती हातातल्या सामानात नेताच येत नाही.

बसणं, वारा आणि आत काय

बसताना तळहात मागून खाली फिरवून चुण्या सपाट करा आणि मग टेका, नाहीतर उठल्यावर मागे चुरगळलेला गोळा दिसतो. गुडघे जवळ ठेवा, कापड मधे पडू द्या. आत काहीच घालायचं नसतं ही फुशारकी ऐकू येईल, तिच्या नादी लागू नका. बसमध्ये, जिन्यावर, लहान मुलांच्या घरात चड्डी घालणं हेच सभ्य आणि स्वच्छ.

‘आपण घातला तर चालतं का?’

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. चालतं. १७४६च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली होती, पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद होती. १७८२मध्ये ती बंदी उठली. इतकं सोसून टिकलेला पोशाख आहे, तेव्हा लाल केसांचा टोप आणि खोटी दाढी लावून त्याचं सोंग करू नका. आदराने घातलात तर लोक आपुलकीने बोलतात. टार्टनचं, म्हणजे किल्टवरच्या चौकड्यांच्या नक्षीचं, म्हणाल तर ब्लॅक वॉचसारखी कुणीही घालावीत अशी बरीच आहेत, सिंग नावाचंही एक आहे. राजघराण्याचं बॅलमोरल मात्र सोडा. एखाद्या नक्षीबद्दल शंका असेल तर स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्समध्ये बघता येतं.

धुणं आणि ठेवणं

लोकरीचा किल्ट मशीनमध्ये टाकू नका. घातल्यावर रात्रभर वाऱ्यावर टांगा, डाग ओल्या फडक्याने टिपा. ड्रायक्लीनला देण्याआधी चुण्या कच्च्या टाक्याने बांधून घ्या, नाहीतर इस्त्रीवाला नव्याच घड्या पाडून देतो. घरी इस्त्री करताना वर ओलसर पंचा ठेवा. कपाटात चिमट्यांच्या हँगरला कमरेकडून टांगा, आणि कसर लागू नये म्हणून उन्हाळ्यात ठेवून देण्याआधी नीट झटकून बघा. प्रवासात घडी करू नका. चुण्या एकावर एक बसवून कमरेपासून काठापर्यंत लांबीत धरा, आडवा गुंडाळून सुरळी करा आणि ती जुन्या लांब मोज्यात सरकवा. मुक्कामाला पोचल्यावर काढलात की तसाच घालता येतो.