थंड मुलखात जाणाऱ्या कॅम्परची बॅटरी कशी निवडावी

साताऱ्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं काम आहे. ट्रॅव्हलर किंवा पिकअपवर कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, बांधून घेतलेले लोक येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती ॲम्पिअर-अवरची टाकू?" म्हणजे किती वीज साठवणारी. मी उलट विचारतो, गाडी मुक्कामाला कुठं जाणार आणि सकाळी तिथं बॅटरी चार्ज कशावर होणार? कारण थंडीत बॅटरीचा खरा कस चार्ज घेताना लागतो.

कॅम्परमध्ये हल्ली लिथियम म्हणजे बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेट. ही बॅटरी उणे २० अंशांपर्यंत वीज देते, जरा कमी देते इतकंच. पण सेल शून्याखाली असताना तिच्यात करंट ढकलला, तर लिथियम ॲनोडच्या (सेलमधल्या ऋण टोकाच्या) आत शिरत नाही, त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. तेवढी क्षमता कायमची गेली, शिवाय पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती. म्हणून बॅटरीच्या माहितीपत्रकात 'लो टेम्परेचर चार्ज कट-ऑफ' (थंडीत चार्ज आपोआप तोडणारी सोय) हे शब्द स्वतः शोधा. बीएमएस म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट; "बीएमएस आहे की आत" एवढ्या उत्तरावर पैसे देऊ नका. प्रत्येक बीएमएसमध्ये ही सोय असतेच असं नाही.

आता आपला भाग बघा. वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत पहाटे हिमकण दिसतात, पण रात्री माणसं झोपलेल्या केबिनमध्ये ठेवलेली बॅटरी शून्यापर्यंत उतरत नाही. महाबळेश्वर, कास, कोयनेपुरतं फिरणाऱ्यांनी हीटरवाल्या (आतले सेल स्वतः तापवणाऱ्या) बॅटरीवर जादा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पैसे चांगल्या वायरिंगला लावा.

लडाख-स्पितीचं वेगळं. साडेतीन हजार मीटरवर रात्रभर गाडी गारठते, सकाळी लख्ख ऊन पडतं आणि सोलर लगेच जोरात सुरू होतं. बाहेरची हवा ४-५ अंशांवर आली तरी सेल अजून उणेच असतात; एवढं वजन तापायला काही तास जातात. अशा वेळी कट-ऑफवाली बॅटरी चार्जच घेत नाही आणि तुम्हाला वाटतं सोलर बिघडलं. तिकडे हिवाळ्याच्या तोंडावर जाणार असाल तर हीटरवालीच घ्या, आणि हीटर साठ्यातली वीज न खाता सोलर किंवा अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनरेटरच्या) विजेवर चालणारा असेल हे बघा. हीटरवाली परवडत नसेल, तर साधी बॅटरी चासीखाली न लावता केबिनच्या आत ठेवा, आणि सकाळी केबिन ऊबदार होऊन सेलही शून्याच्या वर आल्यावरच सोलरचा स्विच टाका.

अल्टरनेटरवरून लिथियमला थेट वायर ओढू नका. चालत्या गाडीत बीएमएसने अचानक चार्ज तोडला, तर व्होल्टेजचा झटका बसून अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरची वीज बॅटरीला हवी तशी करून देणारं यंत्र, हवंच.

लेड-ॲसिडचं काय? ती थंडीत चार्ज घेते, पण २५ अंशांखाली दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट जास्त द्यावे लागतात. त्यासाठी सोलर कंट्रोलरचा तापमान मोजणारा सेन्सर बॅटरीला चिकटवा. (लिथियम टाकल्यावर तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलण्याची ही सेटिंग बंद करायची.) शून्य अंशाला तिची क्षमता सुमारे ८० टक्क्यांवर येते, उणे १८ला जवळपास निम्मी होते. पूर्ण भरलेली असेल तर गोठत नाही, पण उतरलेली उणे ७ ते १० अंशांतच गोठून फुटू शकते.

हिशेब असा करा. फ्रिजला दिवसाला ४० ॲम्पिअर-अवर धरा; दिवे, मोबाईल, केबिन तापवणाऱ्या डिझेल हीटरचा पंखा मिळून आणखी ३०. दोन दिवस ऊन नाही असं समजलं तर १४० लागतील. लिथियम ८० टक्क्यांपर्यंत वापरायची, म्हणजे २००ची पुरते. वजन साधारण २५ किलो. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची, त्यात थंडीची घट, म्हणजे ३५०ची लागेल, आणि वजन शंभर किलोच्या घरात. घाटाच्या रस्त्याला एवढं ओझं कशाला?

घरातली इन्व्हर्टरची ट्युब्युलर उचलून गाडीत ठेवायचा विचार तर करूच नका. वळणावर ॲसिड हिंदकळतं, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि तिथं तुमची मुलं झोपणार असतात. लेड-ॲसिडच हवी असेल तर एजीएम घ्या, म्हणजे ॲसिड आतल्या चटईत शोषून घेतलेली सीलबंद बॅटरी.

सहल संपली की गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये आत त्याहून जास्त. उभ्या बॅटरीला ही उष्णता थंडीपेक्षा जास्त खाते. लिथियम ५०-६० टक्क्यांवर आणून मेन स्विच बंद करा, शक्य असेल तर काढून घरात सावलीला ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासा. मल्टिमीटरवर फार विसंबू नका, १३.२ व्होल्ट दिसलं तरी आत ४० टक्के असेल किंवा ७०. शंट मीटर, म्हणजे बॅटरीत गेलेली-आलेली वीज मोजणारा मीटर, बसवलेला बरा.

लेड-ॲसिड उलट, पूर्ण भरूनच ठेवायची. १२.४ व्होल्टच्या खाली गेली की लगेच चार्ज करा, नाहीतर प्लेटांवर सल्फेट बसून घट्ट होतं, मग कितीही चार्जर लावला तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. पावसाळ्यानंतर टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर धरला असेल, तर तो गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडं करा, वायरीचा लग (टोकाची धातूची पकड) आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.