युरोपीय वाइनची पुस्तकं निवडताना

नाशिकच्या बाटलीवर ‘शेनिन ब्लां’ असं द्राक्षाचं नाव ठळक छापलेलं असतं. त्याच द्राक्षाची, फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली बाटली घ्या. लेबलवर दिसेल नुसतं ‘वूव्रे’. हे गावाचं नाव. तिथली वाइन शेनिनची, हे गिऱ्हाइकाला ठाऊकच असणार असं गृहीत धरलेलं. युरोपात बहुतेक ठिकाणी हाच रिवाज. जर्मनी आणि फ्रान्समधलं आल्सास हे ठळक अपवाद. म्हणून पहिला खर्च नकाशांच्या पुस्तकावर करावा. चव घ्यायला शिकवणारं एखादं बारीक पुस्तक सुरुवातीला पुरतं.

नकाशांसाठी ‘द वर्ल्ड अ‍ॅटलस ऑफ वाइन’ घ्या. पहिली आवृत्ती १९७१ची, आठवी २०१९ची. घ्यायचं ते कागदावरच, कारण दोन पानांवर पसरलेला नकाशा लहान ई-रीडरवर वाचवत नाही. कुठल्याही नकाशात उंचीच्या रेषा आहेत का ते आधी पाहा. फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशातल्या पुलिनी-मोंराशे गावाचं पान उघडलं की ग्रां क्रू (सर्वोच्च दर्जाचे) मळे उताराच्या मधल्या पट्ट्यात दिसतात, आणि नुसत्या गावाच्या नावाने विकली जाणारी वाइन त्याखालच्या सपाटीवरची. वर माती पातळ आणि गारवा जास्त, खाली माती खोल आणि ओल धरणारी. मधे ऊन आणि निचरा दोन्ही बेताचे जमतात. रेषा नसतील तर हा नकाशा म्हणजे नुसते रंगीत ठिपके.

दुकानात पुस्तक पारखायला पाच मिनिटं पुरतात. मागची सूची काढा. पुई-फ्युमे आणि पुई-फुइसे शोधा: पहिली लुआरमधली, सोव्हिन्यों ब्लांची, दुसरी बर्गंडीतली, शार्डोनेची. मग मोन्तेपुल्चियानो बघा. इटलीतल्या आब्रुझ्झोत ते द्राक्षाचं नाव, तर तोस्कानात गावाचं, आणि तिथली ‘व्हीनो नोबिले’ मुख्यतः सांजोव्हेझेची. हे घोटाळे जे पुस्तक सोडवत नाही ते खाली ठेवा, छपाई कितीही गुळगुळीत असो.

जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात, पण गोची आवृत्तीच्या सालात असते. माती आणि डोंगर बदलत नाहीत, कायदे बदलतात. बोर्दो प्रदेशातल्या सँ-एमिलियोंच्या सर्वोच्च श्रेणीत ओझोन आणि शव्हाल ब्लां हे दोन वाइन-उत्पादक दाखवले असतील तर पुस्तक २०२२च्या आधीचं समजा. त्या वर्षीच्या वर्गवारीतून दोघेही बाहेर पडले. जर्मनीचा १९७१चा कायदा २०२१मध्ये बदलला. आता भर द्राक्षं किती पिकली यापेक्षा मळा कुठला यावर. बोर्दोच्या उत्पादकांची १८५५ची श्रेणीवार यादी मात्र जुन्या पुस्तकातूनही पाठ करता येईल. १९७३ला मुतों रोथशिल्ड दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत चढलं, ते तेवढं तपासून घ्या.

‘द ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू वाइन’ (पाचवी आवृत्ती, २०२३) सलग वाचायला घेऊ नका, थोड्याच पानांत दम लागतो. तो कोश आहे. शब्द अडला की उघडायचा. डब्ल्यूएसईटी या वाइनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची परीक्षा देणार असाल तर अभ्यासक्रमासोबत मिळणारं पुस्तक आधी, कारण प्रश्न त्यावरच बेततात. एकाच प्रदेशावरची जाड पुस्तकं त्या प्रदेशाच्या पाच-सहा बाटल्या चाखून झाल्याशिवाय घेऊ नयेत. तोवर त्यातली मळ्यांची नावं डोक्यात राहत नाहीत.

दोन पुस्तकांत मतभेद दिसला तर फ्रान्सच्या प्रत्येक आपेलासियोंची (म्हणजे कायद्याने ठरवलेल्या वाइन-प्रदेशाची) अधिकृत नियमावली, ‘काइए दे शार्ज’, इंटरनेटवर फुकट मिळते. मजकूर फ्रेंच, पण द्राक्षांची नावं आणि हेक्टरी उत्पादनाची मर्यादा भाषा न येताही वाचता येते.