मृगाआधी चेन सॉ घेताय? आधी खोडाला सुतळी गुंडाळा

काजू वेचून संपत आले की बागायतीत दोन कामं एकदम अंगावर येतात. काजूच्या सुकलेल्या फांद्या काढायच्या असतात, आणि घराच्या कौलांवर, गोठ्यावर झुकलेली झाडं पावसाआधी हलकी करायची असतात. ही कामं जूनवर ढकलू नयेत. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मृगाला तीन आठवडे बाकी होते आणि गावोगाव झाडं रस्त्यावर आडवी झाली होती.

याच दिवसांत चेन सॉची खरेदीही होते, आणि बहुतेकांची चूक एकच असते. परसातलं सगळ्यात मोठं झाड डोळ्यांसमोर ठेवून लोक सगळ्यात लांब बारचं (चेन ज्या लांब पट्टीवर फिरते तो बार) मशीन उचलतात. तो फणस किंवा आंबा दहा वर्षांत एकदा कापायचा असतो. वर्षभर मशीन चालतं ते मनगटापासून मांडीइतक्या जाड लाकडावर. बार निवडायचा तो या रोजच्या लाकडासाठी.

माप घेणं सोपं आहे. जिथे कापायचं तिथे खोडाला सुतळी गुंडाळा आणि ती टेपवर मोजा. घेर ११० सेंटीमीटर आला तर त्याला ३.१४ ने भागा: जाडी ३५ सेंटीमीटर, म्हणजे १४ इंच. त्यात दोन इंच मिळवा, की १६ इंची बार पुरतो. हे दोन इंच हवेतच, कारण टोक लाकडात बुडालेलं असलं की ते कशाला लागतंय ते दिसत नाही. बागायतीतल्या आठ-दहा झाडांची आणि फांद्यांची अशी मापं कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा. क्वचित एखादं खोड बारपेक्षा जाड निघालं, तर जमिनीवर आडवं पडलेलं लाकूड दोन्ही बाजूंनी कापता येतं. १८ इंची बारने दीडपट जाडीपर्यंतचा ओंडका नीट कापला जातो. उभं झाड असं दोन बाजूंनी पाडणं मात्र शिकलेल्या माणसाचंच काम आहे.

बारची लांबी इंजिनाच्या ताकदीवर ठरते. ३० ते ३५ सीसीच्या मशीनला १२ किंवा १४ इंच शोभतो, ४० ते ४५ सीसीला १६ आणि ५० ते ६० सीसीला १८, फार तर २०. त्याहून लांब बार हवा असेल तर मशीन ७० सीसीच्या पुढचं लागतं. ते इंधन-तेल भरून हातात धरलं की दहा मिनिटांत खांदे भरून येतात, आणि घरच्या बागायतीला त्याची गरज नसते.

बाजारात खूप खपतं ते ५८ सीसीचं, २२ इंची बारचं स्वस्त मशीन. इंजिन वाईट नसतं, बार त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. बार पूर्ण लाकडात गेला की चेनचा वेग पडतो. वेग पडला की माणूस वरून दाबतो. दाबलं की चेन तापून ताणते, सैल होते आणि बारच्या खाचेतून उतरते. क्लच घसरून गरम होतो. चेनला तेल देणारा पंप छोटा असल्यामुळे टोकापर्यंत तेल पोचत नाही आणि टोकाजवळ बारची कड निळसर पडते. तो निळा डाग दिसला की समजा, बार कोरडा चाललाय. त्यात लांब टोक पलीकडच्या चिऱ्याला किंवा दुसऱ्या फांदीला लागतं. टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला तर मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येतं. चेन सॉचे सर्वात वाईट अपघात असे होतात.

असं मशीन घरात असेल तर ते टाकून देऊ नका, त्याला १८ इंची बार आणि नवी चेन घाला. या मशीनना सहसा ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप), ०.०५८ इंच जाडीची चेन असते. १८ इंची बारला बहुधा ७२ कड्या लागतात, २० इंचीला ७६ आणि २२ इंचीला ८६. या कड्या म्हणजे बारच्या खाचेत चालणारे खालचे दात. अंदाजावर जाऊ नका. पिच, जाडी आणि कड्या हे तिन्ही आकडे बारच्या मागच्या टोकाला कोरलेले असतात. जुना बार दुकानदारासमोर ठेवा, नव्या बारचं तेलाचं भोक आणि बोल्टची खाच त्याच्याशी जुळते का ते बघा. भोक जुळलं नाही तर बार बसेल, पण चेनला तेल मिळणार नाही. चेन सॉसाठी किती खर्च करायचा ते ठरलेलं असेल, तर दोन इंच कमी बार आणि एक जादा चेन घेणारा शेतकरी शहाणा.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीचं खोड वीतभरसुद्धा जाड नसतं. तिथे १२ इंची हलकं मशीन भरपूर झालं. काजूच्या मनगटाएवढ्या फांद्यांना बॅटरीवरचा सहा इंची छोटा सॉ किंवा चांगली घडीची करवत बरी. काप स्वच्छ येतो आणि झाडाची साल फाटत नाही. उंच फांद्यांसाठी दांड्याचा सॉ घ्या, शिडीवर चढून चेन सॉ चालवू नका. वरच्या हँडलचे छोटे सॉ दोर बांधून झाडावर चढणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी असतात. जमिनीवरून काम करताना ते एका हाताने चालवायचा मोह होतो, म्हणून बागायतीसाठी ते घेऊच नयेत.

माडाचं वेगळं सांगायला हवं. छातीच्या उंचीवर माड एक फुटाच्या आसपास जाड असतो, म्हणजे १६ इंची बार पुरतो. बुंध्याला तो फुगलेला असतो, तिथे १८ इंच लागतो. माडाचं लाकूड उलटं असतं: बाहेरचा भाग दगडासारखा, आतला मऊ आणि ओला. बाहेरचा भाग चेनची धार झपाट्याने खातो, आणि आतले ओले धागे स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणात गच्च भरतात. दर माडानंतर मशीन बंद करून झाकण उघडा, धागे काढा, तेलाचं भोक काडीने मोकळं करा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आंबा-फणस पाडताना मध्ये सोडलेल्या न कापलेल्या लाकडावर झाड बिजागरीसारखं वळतं. माडाच्या मऊ गाभ्यावर तसा भरवसा ठेवता येत नाही. धागे एका बाजूचे तुटतात आणि माड कलतो तिकडे जातो. म्हणून घराजवळचा माड वरून तुकड्यातुकड्याने, दोर बांधून उतरवणाऱ्यांनाच द्या. पाडेलीला चढता येतं म्हणून त्याच्या हातात चेन सॉ देऊन वर पाठवू नका.

काजू कापताना घाई करू नका. जाड फांदी एकाच कापात काढली तर ती आपल्या वजनाने खाली येते आणि खोडाची साल ओढून नेते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप घ्या, मग त्याच्या जरा पुढे वरून कापा. फांदी पडली की उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून साफ कापा. बारच्या टोकाने बुंध्याची साल खरवडली जाऊ देऊ नका. काजूच्या खोडकिडीची मादी बुंध्याजवळच्या सालीच्या भेगांत अंडी घालते, आणि ताजी जखम तिला आयतीच मिळते. कापांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. पेस्ट सुकायला कोरडे दिवस हवेत, म्हणून हे काम पहिल्या सरींआधीच उरका.

आमच्या लाल मातीत धार टिकत नाही. बुंध्यावर उडालेली चिऱ्याची धूळसुद्धा दात बोथट करते, म्हणून कापायच्या जागी आधी झाडू फिरवा आणि पडलेलं खोड लाकडाच्या तुकड्यावर उचलून घ्या. पिठासारखा भुसा पडू लागला की चेन बोथट झाली, धारदार चेन जाड ढलप्या काढते. ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. प्रत्येक दाताला सारख्याच संख्येने, ३० अंशांत, आतून बाहेर घासा. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर मशीन वाकडं कापतं आणि दोष बारला दिला जातो. दातापुढचा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली ठेवा. तो जास्त घासला तर चेन हिसके देते.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि ते दमट हवेतलं पाणी ओढतं. टू-स्ट्रोक तेल मिसळलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका. पेट्रोल आणि तेलाच्या ५०:१ प्रमाणासाठी लिटरला २० मिलिलिटर तेल, २५:१ साठी ४०. मशीनच्या पुस्तकात असेल तेच प्रमाण धरा. चेनच्या तेलाच्या टाकीत गाडीचं काळं जळकं तेल घालू नका, त्यातल्या कणांनी पंप आणि बार दोन्ही झिजतात. पेट्रोलची टाकी संपते तेव्हा तेलाची टाकीही जवळजवळ रिकामी झालेली असायला हवी. ती भरलेली दिसली तर तेलाची वाट तुंबली आहे. काम संपवून मशीन ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर ऑगस्टमध्ये कार्बोरेटरचा पडदा ताठ झालेला सापडेल.

झाड पाडायचं असेल तर आपल्या जमिनीतलं असलं तरी गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. अर्ज मेच्या आधीच द्यावा. तारेला टेकलेली फांदी कोणत्याही मशीनने कापू नका. वीज खात्याच्या १९१२ या क्रमांकावर फोन करून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिच्याजवळही जाऊ नका.

पावसात मुळासकट उन्मळलेलं झाड कापताना खास काळजी घ्या. आडवं खोड ताणलेल्या धनुष्यासारखं असतं. जी बाजू दाबली गेली आहे तिथे आधी उथळ काप घ्या, मग ताणाच्या बाजूने हळूहळू कापत जा. उलट केलं तर बार चिमटला जातो किंवा खोड फाटून उसळतं. बुंध्याजवळ कापलं की वजन जातं आणि मातीसकट उभा राहिलेला मुळांचा गड्डा एकदम परत खड्ड्यात आपटतो. त्यामागे किंवा त्या खड्ड्यात कोणी उभं नाही, विशेषतः बघायला आलेली मुलं, हे काप सुरू करण्याआधी स्वतः चालत जाऊन बघा.