शेजारच्या बेटावर पहिल्यांदा निघालात? निदान या चुका तरी करू नका

कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर येऊन आम्हाला तेरा वर्षं झाली. नवऱ्याची नोकरी पॉइंट लिसासच्या कारखान्यात, आणि माझ्याकडे घर, शिकवण्या आणि न मागता मिळालेलं एक खातं: नव्याने आलेल्या भारतीय कुटुंबांच्या सहलींचं. चौथ्या-पाचव्या महिन्यात फोन येतोच. "ताई, ३० मेला अरायव्हल डेची सुट्टी जोडून येतेय. म्हटलं ग्रेनाडा, बार्बाडोस आणि जमलं तर सेंट लुसिया करून येऊ. चार दिवस पुरतील ना?"

करून येऊ! जसं काही अष्टविनायकच. अहो, अष्टविनायकाला गाडीतून उतरावं लागतं तेवढंच. इथे दर वेळी देश बदलतो. नवा शिक्का, नवा कस्टमवाला, नवं चलन आणि मध्ये समुद्र. नकाशावर ही बेटं एका वाटीतले शेंगदाणे दिसतात, म्हणून सगळी फसगत. एका सहलीला एक बेट, असा माझा नियम आहे. ज्यांना तो पटत नाही त्यांनी खालचं वाचून मग काय ते ठरवावं.

परतीचं विमान आणि भारताचं विमान एकाच दिवशी

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कुणी "तीन तास मध्ये आहेत हो" म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

काही वर्षांपूर्वी भाऊ आणि वहिनी नाशिकहून आले होते. आम्ही सगळे ग्रेनाडाला गेलो. ग्रँड आन्सचा किनारा, सेंट जॉर्जेसचं ते घोड्याच्या नालासारखं बंदर, जायफळाचं गोदाम, सगळं छान झालं. ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे हे कळल्यावर वहिनीने अर्धा किलो जायफळ घेतलं. नाशिकच्या सगळ्या श्रीखंडाला पुरेल इतकं. आता भावाचं डोकं हिशेबी. ग्रेनाडाहून दुपारी दोनचं विमान, पाऊण तासात पियार्को, म्हणजे त्रिनिदादचा विमानतळ, तिथूनच संध्याकाळी सहाला लंडनमार्गे मुंबई. "तुझ्याकडे परत येऊन एक रात्र काढायची कशाला? सामान बरोबरच नेऊ." मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, पण माहेरच्या माणसापुढे आपण जरा मऊ पडतोच.

दोनचं विमान तीनला गेलं, मग चारला, मग काउंटरवरची मुलगी उठून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. सव्वापाचला सांगितलं, आज नाही. वहिनी जायफळाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मुंबईचं तिकीट वेगळ्या कंपनीचं आणि वेगळं काढलेलं, त्यामुळे त्या कंपनीच्या दृष्टीने हे दोघं निव्वळ आलेच नाहीत. नवी तिकिटं, तीही आयत्या वेळची. किती पैसे गेले ते भावाने अजून वहिनीला नीट सांगितलेलं नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

यात नशीब वगैरे काही नाही. बेटाबेटांमधली छोटी विमानं दिवसभर एकामागून एक बेट घेत फिरतात. सकाळी पहिल्या बेटावर अर्धा तास गेला की तो उशीर वाढत वाढत संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचतो. त्यात २०२० साली जुनी लिआट कंपनी बुडाली आणि विमानं विरळ झाली. नंतर नव्या कंपन्या आल्या, तरी काही मार्गांवर आजही रोज विमान नसतं. आजचं गेलं तर उद्याचं असेल असं गृहीत धरू नका. मी मध्ये एक पूर्ण दिवस ठेवते, दोन रात्री. लोक हसतात. हसू देत.

याला जोडूनच एक. आईवडिलांना भारतातून बोलावलं असेल तर पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीचा पिवळा दाखला. भारताच्या यादीत त्रिनिदाद पीतज्वराच्या प्रदेशात मोडतं. दाखला नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि लस निघायच्या आदल्या दिवशी घेऊन चालत नाही, दाखला दहा दिवसांनी लागू होतो. एकदा घेतली की जन्माची ददात मिटते, तरी लोक टाळाटाळ का करतात देव जाणे.

"शेंगेन आहे की आपल्याकडे!"

दुसरी माझी आवडती चूक. (आवडती म्हणजे दुखरी.) शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा.

आमच्या ओळखीतलं एक पुण्याचं जोडपं आमच्याबरोबर डॉमिनिकाला आलं होतं. आधीच सांगते, डॉमिनिका वेगळी आणि डॉमिनिकन रिपब्लिक वेगळा. तिकीट काढताना नाव दोनदा वाचा. तर डॉमिनिकाच्या दक्षिण टोकाला स्कॉट्स हेड म्हणून जागा आहे. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन, आणि हवा स्वच्छ असली की समोर मार्टिनिक दिसतं. ते दिसलं आणि साहेबांना सुचलं. "माझ्याकडे शेंगेन व्हिसा आहे, अजून दोन महिने चालतो. मार्टिनिक म्हणजे फ्रान्सच. उद्या बोटीने जाऊन येऊ." मार्टिनिक फ्रान्सच आहे, हे खरं. तिथे युरो चालतो, हेही खरं. पण मार्टिनिक आणि ग्वादलूप शेंगेन क्षेत्रात येत नाहीत. साध्या पर्यटक शेंगेन व्हिसावर तिथे उतरता येत नाही. फ्रान्सच्या या सागरापलीकडच्या प्रदेशांसाठी वेगळा व्हिसा लागतो आणि व्हिसावर तसा उल्लेख असावा लागतो.

मी हे सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही उगाच घाबरता. गूगलवर पाहिलं मी." दुसऱ्या दिवशी डॉमिनिकाची राजधानी रोसो, तिथल्या धक्क्यावर गेले, तिकिटं आधीच काढलेली. काउंटरवरच्या बाईंनी व्हिसाचं पान उजेडाला धरलं, चष्मा वर केला आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "डार्लिन, हा पॅरिसचा आहे. मार्टिनिकचा नाही." बोट गेली. तो अख्खा दिवस त्यांनी धक्क्यासमोरच्या बाकावर बोटीच्या दिशेने बघत काढला. तिथून तासाभराच्या आत ट्राफाल्गरचे धबधबे आहेत, पण रागावलेल्या माणसाला धबधबा दिसत नाही.

ग्रेनाडा, बार्बाडोस, डॉमिनिका इथे भारतीय पासपोर्टवर मला आजवर व्हिसा लागलेला नाही. पण "मला लागला नाही" हा काही नियम नव्हे. अँटिग्वाची गोष्ट पुन्हा वेगळी. दर सहलीला, दर बेटासाठी, त्या त्या देशाच्या सरकारी पानावर बघायचं, नातेवाइकांच्या ग्रुपवर नाही. बाकी परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता कागदावर छापलेला ठेवा. फोनची बॅटरी इमिग्रेशनच्या रांगेतच संपते.

डॉलर, पण कुणाचा?

त्रिनिदादचा डॉलर बेटाबाहेर कुणी विचारत नाही. ग्रेनाडा, सेंट लुसिया, डॉमिनिका यांचा ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकी डॉलरला २.७०. बार्बाडोसचा आपला स्वतंत्र, एकाला दोन. कुणीही भाव सांगताना नुसतं "डॉलर" म्हणतं. आमच्या एका मित्राने सेंट जॉर्जेसला टॅक्सीवाल्याने सत्तर म्हटल्यावर सत्तर अमेरिकी काढून हातावर ठेवले. टॅक्सीवाला भला, त्याने चाळीसहून अधिक परत केले. सगळेच करतील अशी आशा धरू नका, गाडीत बसायच्या आधी "ईसी की यूएस?" एवढं विचारा. आणि अमेरिकी डॉलरसाठी बँकेत निघायच्या आठवड्यात जाऊ नका. इथे परकीय चलनाची टंचाई आहे, हवे तेवढे मिळतीलच असं नाही. मी दोन महिने आधीपासून थोडे थोडे साठवते, भिशीसारखे.

आता भराभर

सप्टेंबरचं तिकीट स्वस्त का आहे, याचा एकदा विचार करा. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्रिनिदाद दक्षिणेला असल्यामुळे बहुतेक वादळं हुलकावणी देतात, म्हणून इथले लोक निर्धास्त असतात; शेजाऱ्यांचं तसं नाही. ग्रेनाडाला २००४च्या सप्टेंबरमध्ये आयव्हनने झोडपलं, जायफळाच्या बागा भुईसपाट झाल्या. २०२४ला बेरिल तर १ जुलैलाच ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर येऊन धडकलं.

लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका. बार्बाडोस, ग्रेनाडा, सेंट लुसिया आणि आपल्या त्रिनिदादमध्येही सामान्य माणसाला ते घालायला कायद्याने बंदी आहे. लहान मुलाची चड्डीसुद्धा.

एक दिवसाचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत. छोट्या विमानात बॅग मागे राहते, हे धरूनच चाला.

किनाऱ्यावर हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं लागलेलं झाड दिसलं, खोडावर तांबडा पट्टा असला, तर लांब राहा. ते मॅन्चिनील. फळ विषारी आहेच, पण पावसात त्याखाली उभं राहिलात तर ठिबकणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते.

अटलांटिकच्या बाजूला फोटो काढा, पोहू नका. बार्बाडोसचं बाथशेबा बघायला सुंदर आहे, पण लाटा सर्फिंगवाल्यांच्या आहेत, आपल्या नव्हेत.

शाकाहारी मंडळींनो, त्रिनिदादने तुम्हाला लाडावून ठेवलंय. कोपऱ्याकोपऱ्यावर रोटी, फुलौरी. बाकी बेटांवर "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर मासे वाढतात आणि वर तुमच्याकडे प्रेमाने बघतात. कलालू म्हणजे आपलं अळूचं फदफदंच, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस असू शकतं. ग्रेनाडाच्या ऑइल डाउनमध्ये नीरफणस आणि नारळाचं दूध असतं हे ऐकून कोकणातली माणसं खूष होतात, पण तिथेही खारं मांस पडतंच. "मांस नको, मासे नकोत, खेकडा नको" असं तिन्ही नावं घेऊन सांगायचं. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेतेच. ताजी फळं आणि रोपं मात्र नेऊ नका, कस्टमवाले टोपलीत टाकतील. ज्युली आंबा टोपलीत पडताना बघवत नाही.

मग पहिल्यांदा कुठे जायचं?

टोबॅगोला. देश तोच, चलन तेच, पासपोर्टवर शिक्का नाही; ओळखपत्र मात्र सगळ्यांचं लागतं. विमानाने वीस-पंचवीस मिनिटं, पोर्ट ऑफ स्पेनहून बोटीने साधारण साडेतीन तास. ईस्टरला आणि जुलै-ऑगस्टमध्ये सगळं त्रिनिदाद तिकडेच असतं, तेव्हा तिकीट आधी आणि खोली त्याच्याही आधी. बेट जेमतेम चाळीस किलोमीटर लांब, म्हणून "एका दिवसात फिरून होईल" असं म्हणू नका. क्राउन पॉइंटहून शार्लटव्हिलला जायला वळणावळणांचे दीड तास जातात, आणि वाटेत मेन रिजच्या जंगलात थांबलाच नाहीत तर गेलात कशाला? ते जंगल १७७६पासून कायद्याने राखलेलं आहे.

बोटीने जात असाल तर मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसा. बोकासच्या, म्हणजे त्रिनिदादच्या वायव्येच्या सामुद्रधुन्यांच्या, बाहेर पडलं की समुद्र हलवतो. उलटीची गोळी चढण्याआधी अर्धा तास घ्यायची, चढल्यावर नाही. मी आलेपाकाची वडी तोंडात धरते. आणि निघताना डबल्सच्या (तळलेल्या मऊ पुऱ्या आणि मध्ये छोले) गाडीचा कितीही वास आला तरी थांबू नका. दोन तिखट डबल्स आणि त्यावर साडेतीन तास समुद्र, हा प्रयोग आमच्या शेजाऱ्यांनी करून पाहिलेला आहे. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते.